बालविकासाच्या उपपत्ती

जन्मापासून प्रौढावस्थेपर्यंत मुलाच्या शरीरात, बुद्धीत, भावनांत व सामाजिक वर्तनात जे क्रमबद्ध बदल घडून येतात, त्यांचा उलगडा करू पाहणारे सिद्धांत म्हणजे बालविकासाच्या उपपत्ती होत. विकास अनुवंशाने ठरतो की परिवेशाने, तो सलग होतो की अवस्थांमधून, मूल स्वतः घडते की घडविले जाते, अशा दोन-तीन प्रश्नांच्या आधारे या उपपत्तींची तुलना करण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. ही पद्धत सोयीची असली, तरी पुरेशी नाही. प्रत्येक उपपत्तिकाराच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट मूल होते. कोणी स्वतःच्या घरातील मूल पाहिले, कोणी चिकित्सालयात आलेले, कोणी प्रयोगशाळेत आणलेले, तर कोणी आईपासून दुरावलेले. ते मूल कोणते होते हे लक्षात घेतल्याशिवाय उपपत्तींमधील मतभेदांचा नीट उलगडा होत नाही. शिवाय हे मतभेद ग्रंथांपुरते मर्यादित राहिले नाहीत. अर्भकाला भुकेनुसार पाजावे की घड्याळानुसार, रडणाऱ्या मुलाला उचलून घ्यावे की नाही, रुग्णालयात आईला मुलाजवळ राहू द्यावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे वेळोवेळी प्रचलित उपपत्तीवरून दिली गेली आणि त्यांची फळे लक्षावधी मुलांनी भोगली.

बालपणाविषयीचे तात्त्विक चिंतन जुने आहे. जॉन लॉकने शिक्षणविषयक ग्रंथात (१६९३) संस्कार व सवयी यांवर भर दिला, तर रूसोने एमील या ग्रंथात (१७६२) मुलाच्या नैसर्गिक वाढीचा पुरस्कार केला. रूसोने स्वतःची मुले मात्र अनाथालयात ठेवली होती. त्याचे चिंतन प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले नव्हते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. निरीक्षणाची परंपरा दैनंदिनींपासून सुरू झाली. जर्मन तत्त्वज्ञ टीडेमान याने आपल्या मुलाच्या वाढीची नोंदवही १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाविषयी टिपणे करून ठेवली होती; ती सुमारे सदतीस वर्षांनी, १८७७ मध्ये, लेखरूपाने प्रकाशात आली. विल्हेल्म प्राइअर या शरीरक्रियावैज्ञानिकाने आपल्या मुलाचे पहिल्या तीन वर्षांतील वर्तन रोज ठराविक वेळी टिपले व त्यावर १८८२ मध्ये ग्रंथ लिहिला. शास्त्रशुद्ध बालमानसशास्त्राचा आरंभ पुष्कळदा या ग्रंथापासून मानतात.

अमेरिकेत स्टॅन्ली हॉल (१८४६–१९२४) याने एका मुलाऐवजी अनेक मुलांची माहिती प्रश्नावलीद्वारे गोळा करण्याचा प्रघात पाडला. व्यक्तीच्या विकासात मानववंशाच्या इतिहासाची पुनरावृत्ती होते, हे त्याचे मत पुढे टिकले नाही. परंतु त्याच्या प्रभावातून दोन गोष्टी घडल्या. त्याने १९०९ मध्ये फ्रॉइडला क्लार्क विद्यापीठात व्याख्यानांसाठी पाचारण केले आणि त्याचा विद्यार्थी आर्नल्ड गेसेल (१८८०–१९६१) याने येल विद्यापीठात १९११ मध्ये बालविकासाचे चिकित्सालय सुरू केले.

गेसेलची उपपत्ती परिपक्वनवाद म्हणून ओळखली जाते. मान सावरणे, बसणे, उभे राहणे, चालणे हा क्रम मज्जासंस्थेच्या अंतर्गत परिपक्वनाने ठरतो. शिकवणुकीने तो फारसा पुढे ढकलता वा अलीकडे आणता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. एका बाजूने पाहता येईल अशा पडद्याच्या घुमटाकार कक्षात मुलांना ठेवून त्याने त्यांच्या हालचालींचे चलच्चित्रण केले. त्याचा जुळ्या मुलींवरील प्रयोग (१९२९) प्रसिद्ध आहे. एकीला ४६ व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला. दुसरीला तो ५३ व्या आठवड्यापासून अवघे दोन आठवडे दिला, तरी तिने पहिलीला गाठले. गेसेलने तयार केलेली वयोमाने डॉक्टरांना व मातांना फार उपयोगी वाटली. ती मुख्यतः न्यू हेवन परिसरातील गोऱ्या कुटुंबांतील मुलांवरून काढलेली होती, ही गोष्ट मात्र वापरताना विसरली गेली. सरासरी ही पाहता पाहता कसोटी बनली आणि उशिरा चालणाऱ्या निरोगी मुलांचे पालक धास्तावू लागले.

याच काळात जॉन वॉटसन (१८७८–१९५८) याने नेमके उलट मत मांडले. वर्तनवादाच्या दृष्टीने मूल जन्मतः काही मोजक्या प्रतिक्षिप्त क्रिया व प्राथमिक भावना घेऊन येते. बाकी सर्व अभिसंधानाने, म्हणजे चेतक व प्रतिक्रिया यांच्या जोडणीने घडते. रोझली रेनर हिच्या साहाय्याने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याने सुमारे अकरा महिन्यांच्या एका बालकाला पांढरा उंदीर दाखविताना मागे पोलादी दांड्यावर हातोडा हाणून मोठा आवाज केला. काही आवृत्तींनंतर ते मूल नुसत्या उंदराला, आणि पुढे सशासारख्या केसाळ वस्तूंनाही भिऊ लागले. हे मूल रुग्णालयात नोकरीस असलेल्या एका स्त्रीचे होते आणि त्याची भीती घालविण्यापूर्वीच ते तेथून नेले गेले. आजच्या कोणत्याही नीतिनियमांत न बसणाऱ्या या एका मुलावरील प्रयोगातून केवढा मोठा सिद्धांत उभारला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मेरी कव्हर जोन्स हिने १९२४ मध्ये पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती खाऊच्या सोबतीने हळूहळू घालवून दाखविली; ते काम अधिक मोलाचे असूनही बराच काळ उपेक्षित राहिले. वॉटसनने १९२८ मध्ये पालकांसाठी पुस्तक लिहिले व मुलांना कुरवाळण्याविरुद्ध इशारा दिला. घड्याळाच्या काट्यावर दूध पाजण्याचा प्रघात आधीच रूढ झाला होता. त्याला आता शास्त्राचे पाठबळ लाभले. बी. एफ्. स्किनरने (१९०४–९०) प्रबलनाची कल्पना पुढे नेली. ॲल्बर्ट बँडुरा (१९२५–२०२१) याने स्टॅनफर्डच्या बालकमंदिरातील ७२ मुलांवर केलेल्या प्रयोगात (१९६१) दाखविले, की बक्षीस वा शिक्षा नसतानाही मूल मोठ्यांचे आक्रमक वर्तन नुसते पाहून उचलते. वर्तनवादाच्या चौकटीला हा आतूनच गेलेला तडा होता.

मनोविश्लेषणाची भूमिका या दोहोंपेक्षा वेगळी होती. सिग्मंड फ्रॉइडने (१८५६–१९३९) १९०५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कामप्रेरणा शैशवापासूनच कार्य करीत असते आणि मौखिक, गुदीय, लैंगिक, सुप्त व जननेंद्रिय अशा अवस्थांतून जाते. प्रौढांच्या मनोविकारांची मुळे या अवस्थांमधील संघर्षांत आढळतात, असे तो मानी. म्हणजे बालपणाचे हे चित्र मुख्यतः प्रौढ रुग्णांच्या आठवणींवरून मागे जाऊन रेखाटलेले होते. घोड्याला भिणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची जी कथा त्याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केली, तीतही उपचार मुलाच्या वडिलांनी केले होते. फ्रॉइडने स्वतः त्या मुलाशी या निमित्ताने एकदाच संभाषण केले. मालिनोव्स्कीने ट्रोब्रिअंड बेटांच्या आधारे असा आक्षेप घेतला, की जेथे मुलावर बापाऐवजी मामाचा अधिकार चालतो, तेथे पितृद्वेषाचे हे चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही. फ्रॉइडच्या उपपत्तीचा बराचसा तपशील मागे पडला असला, तरी प्रारंभीच्या नात्यांचा ठसा दीर्घकाळ राहतो, ही तिची शिकवण टिकून राहिली. बेंजामिन स्पॉक या मनोविश्लेषणाशी परिचित अशा बालरोगतज्ज्ञाच्या १९४६ मधील पुस्तकाने वॉटसनचा कडक सल्ला मागे सारला आणि मातांना पुन्हा आपल्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवण्यास सांगितले. एरिक एरिक्सनने (१९०२–९४) १९५० मध्ये मांडलेल्या आठ अवस्थांत कामप्रेरणेची जागा सामाजिक पेचांना दिली. त्याने सू व यूरोक या अमेरिकेतील आदिवासी जमातींत राहून मुले पाहिली होती, याचा त्याच्या मांडणीवर उघड परिणाम दिसतो.

मुलाच्या बुद्धीविषयीचा सर्वांत मोठा वाद एकाच वर्षी जन्मलेल्या दोन विचारवंतांच्या नावाशी निगडित आहे. झां प्याजे (१८९६–१९८०) हा मुळात जीववैज्ञानिक. मृदुकाय प्राण्यांवर त्याने कोवळ्या वयातच निबंध लिहिले होते. पॅरिसमध्ये बुद्धिमापन कसोट्यांच्या प्रमाणीकरणाचे काम करताना त्याला मुलांच्या बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरे अधिक बोधक वाटली, कारण एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. लहान मूल म्हणजे कमी माहिती असलेला प्रौढ नव्हे, त्याच्या विचाराची घडणच वेगळी असते, हे त्याचे मूलभूत सूत्र यातून निघाले. १९२१ मध्ये तो जिनीव्हाच्या रूसो संस्थेत आला. तेथील बालगृहातील मुलांची बोलणी टिपून त्याने पहिला ग्रंथ (१९२३) सिद्ध केला. पुढे १९२५, १९२७ व १९३१ मध्ये जन्मलेल्या आपल्या तीन मुलांचे पती-पत्नींनी केलेले बारकाईचे निरीक्षण हा त्याच्या अर्भकविषयक ग्रंथांचा आधार ठरला.

प्याजेच्या मते मूल स्वतःच्या कृतींतून ज्ञानाची रचना करते. नवा अनुभव जुन्या आकृतिबंधात सामावून घेणे म्हणजे सात्मीकरण आणि तो सामावत नसेल तर आकृतिबंधच बदलणे म्हणजे समायोजन; या दोहोंच्या समतोलातून बुद्धी संवेदन-कारक, पूर्वक्रियात्मक, मूर्त क्रियात्मक व आकारिक क्रियात्मक अशा चार अवस्थांतून जाते. त्याचे प्रयोग साधे असत. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे, त्यांपैकी एका पेल्यातील पाणी मुलादेखत उंच निमुळत्या पेल्यात ओतावे व कोठे अधिक आहे ते विचारावे. पाच वर्षांचे मूल उंच पेल्याकडे बोट दाखविते; सात-आठ वर्षांचे मूल पाणी तेवढेच असल्याचे सांगते आणि विचारणाऱ्याच्या अज्ञानाचे त्याला थोडे नवलही वाटते. हा प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करून पाहण्यासारखा आहे, आणि प्याजेच्या उपपत्तीचा शिक्षकांवर जो पगडा बसला, त्याचे एक कारण हेच असावे.

लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) हा गोमेल या लहान शहरात वाढला व १९२४ मध्ये मॉस्कोस आला. क्रांती व यादवी युद्ध यांनंतरच्या रशियात लक्षावधी मुले निराधार झाली होती, निरक्षरता अफाट होती आणि नवी शाळा उभारायची होती. मूकबधिर व अपंग मुलांच्या शिक्षणाचे काम त्याने जवळून केले. अशा मुलांपुढे उभ्या असलेल्या अभ्यासकाला, मूल एकटे असताना काय करते यापेक्षा कोणाच्या मदतीने काय करू शकते, हा प्रश्न महत्त्वाचा वाटावा हे स्वाभाविक होते. मूल आज स्वतःहून जे करते आणि जाणत्याच्या साहाय्याने जे करू शकते, त्यांतील अंतराला त्याने निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. कोणतीही उच्च मानसिक क्रिया आधी माणसामाणसांत असते व मागाहून मुलाच्या मनात उतरते, असा त्याचा सिद्धांत होता.

दोघांमधील फरक मुलांच्या स्वगतासारख्या बडबडीवरून फार स्पष्ट होतो. खेळताना मूल कोणालाही उद्देशून नसलेले बोलत राहते. प्याजेच्या मते हे भाषण मुलाच्या आत्मकेंद्रिततेचे लक्षण होय. ऐकणाऱ्याची दृष्टी कळू लागली, की ते विरून जाते. व्हिगॉट्स्कीने यावर प्रयोग केले. चित्र काढताना हवी ती रंगीत पेन्सिल सापडू नये अशी अडचण त्याने योजली, तेव्हा ही बडबड जवळजवळ दुप्पट झाली. मुलाला बहिऱ्या किंवा परभाषी मुलांत ठेवले, तेव्हा ती घटली. ज्याअर्थी ती अडचणीत वाढते व ऐकणारा नसता कमी होते, त्याअर्थी ती मुळात सामाजिक असून विचाराचे साधन आहे. ती विरत नाही, तर आत जाऊन मूक विचार बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. या मुद्द्यावर पुढील संशोधनाचा कौल बहुतांशी व्हिगॉट्स्कीच्या बाजूने पडला आहे.

क्षयाने वयाच्या सदतिसाव्या वर्षी व्हिगॉट्स्कीचा मृत्यू झाला. त्याचा विचार व भाषा यांवरील ग्रंथ त्याच वर्षी निघाला. परंतु जुलै १९३६ मध्ये सोव्हिएट पक्षाने बालविज्ञानाविरुद्ध फर्मान काढल्यावर त्याचे लेखन दीर्घकाळ दडपले गेले. लूरिया या त्याच्या सहकाऱ्याने उझबेकिस्तानात १९३१-३२ मध्ये केलेले संशोधन तर १९७४ पर्यंत ग्रंथरूप घेऊ शकले नाही. व्हिगॉट्स्कीच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये निघाला आणि प्याजेने आपल्यावरील टीकेला तेव्हा, टीकाकाराच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, उत्तर लिहिले. राज्यसत्तेच्या एका आदेशाने जगभरच्या शाळांना एका उपयुक्त कल्पनेपासून एक पिढीभर वंचित ठेवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

प्याजेच्या निष्कर्षांची फेरतपासणी १९६० नंतर अनेक दिशांनी झाली. मॅगॅरिगल व मार्गारेट डॉनल्डसन यांनी १९७४ मध्ये मण्यांची रांग प्रयोगकर्त्याच्या हाताने न विस्कटता खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून ‘चुकून’ विस्कटवली. तेव्हा चार ते सहा वर्षांच्या बहुसंख्य मुलांनी मणी तेवढेच असल्याचे सांगितले. मोठ्या माणसाने मुद्दाम बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तर बदलले पाहिजे असे मूल समजत असावे. डोळ्याआड झालेली वस्तू अस्तित्वात असते याची जाणीव प्याजेला आठ-नऊ महिन्यांच्या अर्भकात आढळली होती. रने बेयार्जाँ व तिचे सहकारी यांनी १९८५ मध्ये पाच महिन्यांच्या अर्भकांच्या टक लावून पाहण्यावरून तशी जाण त्या वयातही असल्याचे सुचविले. मेक्सिकोतील कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे इतर मुलांपेक्षा आधी उमगते, असे १९६९ च्या एका अभ्यासात दिसले. मात्र प्याजेने सांगितलेला विकासाचा सामान्य क्रम या टीकेने पूर्णतः ढासळला नाही. वयाच्या मर्यादा ढासळल्या.

भावनिक विकासाच्या क्षेत्रात सर्वांत दूरगामी ठरली ती जॉन बोल्बीची (१९०७–९०) स्नेहबंधाची उपपत्ती. दुसऱ्या महायुद्धात आईबापांपासून दुरावलेल्या मुलांचे निरीक्षण ॲना फ्रॉइडने लंडनमधील युद्धकालीन शिशुगृहांत केले होते. रने स्पिट्झने १९४५ मध्ये संस्थांतील अर्भकांची केविलवाणी अवस्था नोंदली होती. त्यांना अन्न व स्वच्छता मिळत होती, तरीही ती खंगत होती. बोल्बीने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात अशा पुराव्याचा मेळ घातला. मूल आईला बिलगते ते दुधापोटी, ही समजूत वर्तनवादी व मनोविश्लेषक या दोहोंनाही मान्य होती. हार्लोने १९५८ मध्ये दाखविले, की माकडाची पिले दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’पेक्षा मऊ कापडाच्या ‘आई’ला बिलगतात. संरक्षणासाठी निकट राहण्याची ही स्वतंत्र जैविक प्रेरणा आहे, असे बोल्बीने १९६९ पासून प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत प्रतिपादिले.

या उपपत्तीचा व्यावहारिक परिणाम तिच्या ग्रंथांआधीच दिसू लागला होता. ब्रिटनमधील बहुतेक रुग्णालयांत त्या काळी मुलांना भेटण्यास पालकांना फारच थोडा वेळ मिळे. आई येऊन गेली की मूल रडते, म्हणून ती न आलेलीच बरी, असा परिचारिकांचा अनुभवसिद्ध समज होता. बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने अडीच वर्षांच्या आतील एका मुलीच्या आठ दिवसांच्या रुग्णालयवासाचे चित्रण करून ते १९५२ मध्ये डॉक्टरांपुढे दाखविले. मूल गप्प झाले म्हणजे रुळले असे नसून ते हताश झालेले असते, ही गोष्ट पडद्यावर पाहिल्यावर नाकारणे कठीण झाले; तरी अनेक डॉक्टर प्रथम संतापलेच. १९५९ च्या प्लॅट समितीने पालकांना मुक्त भेटीची शिफारस केली. बोल्बीच्या मांडणीत आईवर सगळा भार टाकला गेला आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांना त्यातून अपराधी ठरविले गेले, हा आक्षेप रास्त आहे. मायकेल रटरने १९७२ मध्ये वियोग, वंचना व कुटुंबातील कलह यांचे परिणाम वेगवेगळे असल्याचे दाखवून उपपत्तीला वळण दिले. मेरी एन्सवर्थ (१९१३–९९) हिने युगांडात १९५४-५५ मध्ये व नंतर बॉल्टिमोरमध्ये अर्भकांचा अभ्यास करून स्नेहबंधाचे प्रकार ठरविले. तिच्या कसोटीवर जर्मन व जपानी मुलांचे निकाल अमेरिकन मुलांपेक्षा निराळे येतात, त्यामुळे सुरक्षित बंधाचे एकच परिमाण सर्वत्र लावावे काय, हा वाद चालू आहे.

बोल्बीच्या मूळ दाव्याची सर्वांत कठोर परीक्षा रूमानियात झाली. १९८९ मध्ये तेथील राजवट कोसळली, तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत आढळली. बूकारेस्ट येथे २००० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने पालक कुटुंबांत पाठविण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी व भावनिक बंध लक्षणीय सुधारले, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना अधिक लाभ झाला. उरलेली मुले संस्थेतच राहिली, याविषयीचा नैतिक प्रश्न संशोधकांना वारंवार विचारला गेला आहे. त्या देशात तेव्हा पालक कुटुंबांची व्यवस्था जवळजवळ नव्हती, हे त्यांचे उत्तर होय.

अन्य उपपत्तींपैकी लॉरेन्स कोलबर्गच्या (१९२७–८७) नैतिक विकासाच्या अवस्था शिकागो परिसरातील केवळ मुलग्यांच्या उत्तरांवरून निश्चित झाल्या होत्या. कॅरोल गिलिगनने १९८२ मध्ये या उणिवेवर बोट ठेवले. यूरी ब्रॉनफेनब्रेनरने (१९१७–२००५) १९७९ मध्ये घर, शेजार, शाळा, आईबापांचे कामाचे ठिकाण व शासकीय धोरण यांच्या एकात एक गुंतलेल्या वर्तुळांत मूल पाहावे, असे सुचविले. ही मांडणी उपपत्तीपेक्षा दृष्टिकोन अधिक आहे.

भारतात या विचारांचा प्रवेश प्रथम माँटेसरीच्या द्वारे व शाळेच्या वाटेने झाला. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे आणि पुढे कोसबाड येथे, तेव्हाच्या ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्यातील आदिवासी मुलांसमोर, परदेशी पद्धतीची महागडी साधने निरुपयोगी ठरली. ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी त्यांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पाने आणली, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तेथे रुळलेला अंगणवाडी हा शब्द २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला. उपपत्ती म्हणून या कामाची मांडणी फारशी झाली नाही, ही खेदाची गोष्ट होय. सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांनी १९७८ च्या ग्रंथात एरिक्सनच्या चौकटीतून भारतीय बालपणाचा विचार केला. त्यात मातेचे दीर्घ सान्निध्य व संयुक्त कुटुंबातील अनेक पालनकर्ते यांकडे लक्ष वेधले. बडोद्यास प्रमिला फाटक यांनी १९७० च्या सुमारास भारतीय अर्भकांची विकासमाने निश्चित केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या देशांतील अभ्यासावरून नवी प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यांत एका वयाऐवजी कालावधी दिले आहेत. निरोगी मूल स्वतंत्रपणे ८·२ ते १७·६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही चालू लागते, आणि शंभरातील सुमारे चार मुले हातगुडघ्यांवर रांगल्याशिवायच चालतात. या अभ्यासातील भारतीय मुले दक्षिण दिल्लीतील सुस्थित कुटुंबांतून निवडलेली होती.